सिद्धांत सोडून नुसत्या कमांड शिकू का?

पत्र थोडक्यात : वाचक २२ वर्षांची, धुळे जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातली. अर्थशास्त्रात बी.ए. केलं ते मराठी माध्यमातून, कॉलेजात पहिली येऊन. आता पुण्यात एम.ए. इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या सत्रात आहे. इकॉनोमेट्रिक्सच्या (अर्थमितीच्या) पेपरात मॅट्रिक्स, सिद्धता, असिम्प्टोटिक असं सगळं एकदम अंगावर आलं आणि अंतर्गत परीक्षेत ४० पैकी ९ मार्क पडले. वर्गात बी.एस्सी. गणित आणि इंजिनिअरिंग केलेली मुलं जास्त. ‘आर’ हे सॉफ्टवेअर मात्र तिला छान जमतं, टेबलं काढून घ्यायला मुलं तिच्याकडेच येतात. प्रोजेक्टसाठी तिने गावाजवळच्या बाजार समितीतला कापसाचा भाव आणि जळगावचा सोन्याचा भाव घेतला, पंधरा वर्षांचा, महिन्यामहिन्याचा. रिग्रेशन केलं, म्हणजे एका भावावरून दुसरा किती सांगता येतो ते मोजलं. आर-स्क्वेअर (एकाच्या जितका जवळ तितकं नातं घट्ट दिसतं) ०.९१ आला. सरांनी लाल पेनने आडवी रेघ मारून ‘अर्थहीन’ एवढंच लिहिलं. वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी उसनवारी केली आहे, भाऊ बारावीनंतर शेतीत उतरला. आई रोज फोनवर विचारते, ‘बेटा, तुले समजस ना?’ आणि ती ‘हो’ म्हणते. तिचा प्रश्न असा : ‘सिद्धांत आमच्यासारख्यांसाठी नाही हे मला कळून चुकलंय. तो सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स करू, की घरी परत येऊन बी.एड. आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करू?’

बेटा,

तुझी आई ज्या शब्दाने तुला हाक मारते तोच मी घेते आहे. धुळ्याला आणि जळगावला मिळून तेहतीस वर्षं मी संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवलं, आणि वर्गातल्या मुलींसाठी माझ्या तोंडी हाच शब्द असायचा.

तुझं पत्र वाचताना मी त्या लाल रेघेपाशी अडले. मार्क कमी पडले याचं तुला वाईट वाटलंय, पण खरी जखम त्या रेघेची आहे असं मला वाटतं. तू आकडे जमवलेस, ते नीट भरलेस, कमांड बरोबर दिलीस, कुठे चूक केली नाहीस, आणि तरी एका शब्दात सगळं पुसलं गेलं. सरांची रेघ बरोबर होती. पण कारण सांगायला हवं होतं, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या कारणातच आहे. ते आता मी सांगते.

गेल्या पंधरा वर्षांत सोनं चढत गेलं. कापूसही खाली-वर होत का होईना, चढत गेला. तसं बघितलं तर तुझ्या गावातल्या मजुरीचे दर चढले, एसटीचं तिकीट चढलं, तुझी उंचीही त्यातली निदान काही वर्षं वाढली. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी समोरासमोर मांडल्यास तरी आर-स्क्वेअर मोठाच येणार. शिवाय असे भाव कालच्या आकड्यावर आजचा धक्का चढवत पुढे सरकतात, मागचं विसरत नाहीत. क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या, पण अशाच चालीच्या दोन मालिका त्यांनी संगणकावर तयार केल्या आणि एकीचं दुसरीवर रिग्रेशन केलं. मग नव्या दोन, पुन्हा नव्या दोन. नेहमीच्या टी-चाचणीने साधारण शंभरातल्या पाऊणशे वेळा ‘संबंध आहे’ असा कौल दिला. आर-स्क्वेअरचा आकडा डर्बिन-वॉटसनच्या आकड्यापेक्षा (आजची चूक कालच्या चुकीला किती चिकटून येते ते सांगणारा, जितका लहान तितकी चिकट जास्त) मोठा दिसला की सावध व्हा, असा इशारा त्यांनी तेव्हा दिला. तुझं टेबल पुन्हा उघड. माझा अंदाज आहे की त्यात डर्बिन-वॉटसन ०.९१ च्या बराच खाली असेल.

आता मला सांग, हे टेबल छापताना संगणकाने तुला अडवलं का? नाही अडवलं. सॉफ्टवेअर कधीच ‘नाही’ म्हणत नाही. त्याला कापूस नि सोनं दे, पाऊस नि लग्नाच्या तिथी दे, ते ‘संबंध पक्का’ असे तीन तारे लावून उत्तर देईल. ‘थांब, हे म्हणता येणार नाही’ असं सांगणारा या सगळ्या कारभारात एकच आहे, आणि तो म्हणजे तू जो सोडायला निघालीस तो सिद्धांत. ज्या गोष्टीने तुझं प्रोजेक्ट पाडलं, तीच सोडून नुसती प्रोजेक्टं करण्याचा कोर्स करावा असं तुला वाटतंय. यावर जरा शांतपणे विचार कर.

तुझं मन कुठे अडलंय तेही बघू. ‘सिद्धांत आमच्यासारख्यांसाठी नाही.’ आमच्यासारखे म्हणजे कोण? मराठी माध्यमाचे, कोरडवाहूचे, गणित मागे सोडून आलेले, असं तुला म्हणायचंय. या तिन्ही गोष्टींचं तू एक गाठोडं बांधलंयस. ते सोडलं की प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते, आणि तिन्ही सारख्या जड नसतात.

कोरडवाहूपासून सुरुवात करते, कारण तिथे तुझं पारडं जड आहे. ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीच्या माझ्या वर्गातली आहे. दुपारचं लेक्चर, मार्च महिना, पंखा नुसताच फिरतोय. मला ‘एंडोजेनिटी’ शिकवायची होती, आणि पुस्तकातलं पगार आणि शिक्षणाचं उदाहरण मुलांच्या डोक्यावरून चाललं होतं. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, ‘दिवाळीला कापूस विकणाऱ्याला भाव कमी मिळाला, आणि घरात भरून ठेवून फेब्रुवारीत विकणाऱ्याला जास्त मिळाला. मग सगळ्यांनी थांबावं का?’

वर्ग एकदम जागा झाला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘मॅडम, थांबायला घरात दाणे लागतात.’ दुसरा म्हणाला, थांबतो त्याच्याकडे पक्कं घर असतं, कापूस भिजत नाही. तिसरीने सांगितलं की पहिल्या वेचणीचा माल चांगला असतो आणि थांबणारा तो वेगळा ठेवतो, शेवटची कवडी, म्हणजे हलका कापूस, त्यात मिसळू देत नाही. दहा मिनिटांत फळा भरला. थांबणारा आणि न थांबणारा यांच्यात थांबण्याखेरीज किती फरक आहेत त्याची ती यादी होती. त्यातला एकही फरक बाजार समितीच्या आकड्यांत दिसत नाही. पुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर स्पष्टीकरण देणारा चल आणि एरर टर्म (आकड्यांत न दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी) यांच्यात नातं आहे, म्हणून ओएलएसचा, म्हणजे नेहमीच्या रिग्रेशनचा, उतार थांबण्याचा परिणाम दाखवत नाही. पोरांनी हे चिन्हाशिवाय सिद्ध करून दाखवलं होतं.

मग मी पुढचा प्रश्न टाकला. असं काही सापडेल का, ज्यामुळे माणूस लवकर विकतो, पण ज्याचा भावाशी दुसऱ्या कुठल्याही वाटेने संबंध नाही? बराच वेळ शांतता. एक मुलगी उठली : ‘घरात लग्न निघालं तर. तुळशीचं लग्न झालं की तारखा लागतात, पैसा लागतो, विकावाच लागतो.’ मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. तेवढ्यात तिच्याच शेजारची म्हणाली, ‘पण मॅडम, खेडा खरेदीला येणाऱ्या व्यापाऱ्याला कोणाच्या घरी लग्न आहे ते आपल्या आधी ठाऊक असतं. तो अडचण बघूनच भाव पाडून मागतो.’

बघ काय झालं. पहिलीने इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल शोधून काढलं आणि दुसरीने त्याची एक्स्क्लूजनची अट मोडून दाखवली. लग्नाचा भावावर परिणाम लवकर विकण्याच्या वाटेने होतो, तसाच व्यापाऱ्याच्या कानावाटेही होतो, म्हणून ते इन्स्ट्रुमेंट बाद. मी फळ्यावर ‘झेड आणि यू यांचं कोव्हेरिअन्स शून्य’ (झेड म्हणजे इन्स्ट्रुमेंट, यू म्हणजे एरर, दोघांत नातं नको) एवढं लिहिलं आणि म्हटलं, ही जी आत्ता तू शंका घेतलीस, ती अशी लिहितात. त्या ओळीला त्या दिवशी कोणी घाबरलं नाही.

माझा अनुभव असा आहे की इकॉनोमेट्रिक्सचं प्रत्येक प्रमेय हे कुणाच्या तरी शंकेचं उत्तर असतं. पुस्तकात उत्तर छापलेलं असतं आणि शंका गाळलेली असते. इंजिनिअरिंगचा मुलगा उत्तर झरझर लिहितो, कारण चिन्हांना त्याचा हात सरावलेला आहे. शंका त्याला पडली असेलच असं नाही. तुझ्या घरात मात्र अशा शंका रोज जेवताना बोलल्या जातात. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा ‘थांबले ते जिंकले’ असं गावोगाव झालं. पुढच्या वर्षी खान्देशात कितीतरी घरांत त्याच आशेने कापूस भरून राहिला आणि भाव उतरले. एका वर्षाच्या आकड्यांतून काढलेलं नातं पुढच्या वर्षी टिकेल का, हा प्रश्न तुमच्या घरात तेव्हा कोणी ना कोणी विचारला असणारच. अर्थमितीत तो स्ट्रक्चरल ब्रेकच्या प्रकरणात येतो.

हा विषय मुळात शेतमालाच्या भावांच्या मागे लागूनच वाढला, हेही तुला माहीत असावं. हेन्री मूर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने कापसाचं उत्पादन आणि भाव आधी सांगता येतील का यावर १९१७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबलची कल्पना पहिल्यांदा मांडली गेली ती फिलिप राइट यांच्या १९२८ च्या पुस्तकाच्या परिशिष्टात, आणि तिथे हिशेब चालला होता लोणी आणि जवसाचा. ‘इकॉनोमेट्रिक्स’ हा शब्द रूढ करणारे रॅग्नर फ्रिश आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक वॉ यांचा १९३३ चा लेख तर थेट तुझ्या प्रोजेक्टचा आहे. दोन्ही मालिकांतून आधी काळाचा कल काढून टाक आणि उरलेल्यांचं रिग्रेशन कर, किंवा काळ हाच एक चल म्हणून रिग्रेशनमध्ये घाल. उतार तोच येतो, असं त्यांनी दाखवलं. तुमच्या अभ्यासक्रमात हे ‘फ्रिश-वॉ-लोव्हेल’ नावाने असेल आणि तू ते पार्टिशन केलेल्या मॅट्रिक्सची किचकट सिद्धता म्हणून पाठ करत असशील.

आता गणित. इथे मी तुला खोटा धीर देणार नाही. गणित कच्चं असेल तर ते भरून काढावंच लागतं, त्याला आडवाट नाही. पण ‘गणित कच्चं’ हा शब्दच फार मोठा आहे, आणि त्याच्या मोठेपणाचीच भीती वाटते. या पेपरापुरतं तुला नेमकं काय लागतं ते एका कागदावर मावतं. मॅट्रिक्सचा गुणाकार, ट्रान्सपोज, रँक आणि इन्व्हर्स. प्रोजेक्शन म्हणजे काय. पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्स कशाला म्हणतात. संभाव्यतेत सशर्त अपेक्षित मूल्य आणि इटरेटेड एक्स्पेक्टेशनचा नियम. शेवटी, नमुना मोठा होत गेला की सरासरीचं काय होतं ते सांगणारे दोन नियम : लॉ ऑफ लार्ज नंबर्स आणि सेंट्रल लिमिट थिअरम. रोज दोन तास बसलीस तर उन्हाळ्याच्या सुटीत यातलं बहुतेक होतं. मी हे मुलींकडून करून घेतलंय, म्हणून सांगते.

सगळ्यात आधी प्रोजेक्शन घे, कारण तिथे अर्धा पेपर सुटतो. बीटाचं, म्हणजे उताराचं, ते सूत्र – एक्स प्राइम एक्सचा इन्व्हर्स, गुणिले एक्स प्राइम वाय – तू पाठ केलं असशील. आता घर बांधताना गवंडी ओळंबा सोडतो तो डोळ्यांसमोर आण. वरचा बिंदू म्हणजे तुझा वाय. खालची सपाट जमीन म्हणजे तुझ्या एक्सच्या स्तंभांतून जे जे बनवता येईल ते सगळं. वायच्या सगळ्यात जवळचा जमिनीवरचा बिंदू कोणता? ओळंब्याचं टोक टेकतं तो. तो वाय-हॅट. दोरी म्हणजे रेसिड्युअल, आणि दोरी जमिनीला काटकोनात आहे म्हणून एक्स प्राइम गुणिले रेसिड्युअल बरोबर शून्य. या एका ओळीत वाय वजा एक्स बीटा घाल आणि बीटा सोडव. सूत्र तुझ्या हाताने निघेल. आणि जमीन नीट पसरलेलीच नसेल, म्हणजे एक्सचे दोन स्तंभ एकाच दिशेने पडले असतील, तर इन्व्हर्स का मिळत नाही तेही दिसेल. वहीत चित्र काढ. चित्र काढणं कमीपणाचं नाही.

सिद्धता वाचायची माझी एक रीत आहे, ती कुठल्याही पुस्तकाला चालते. प्रमेयातल्या अटी एकाखाली एक लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर लिहायचं : ही काढली तर काय मोडतं? ओएलएस ‘सगळ्यांत उत्तम’ कधी ठरतं ते सांगणारं गाऊस-मार्कोव्ह प्रमेय घे. एररचा फैलाव सगळीकडे सारखा असण्याची अट काढली तर उतार अनबायस्डच राहतो, पण नेहमीचे स्टँडर्ड एरर चुकतात आणि ‘सगळ्यांत उत्तम’ हा मान जातो. एररची सशर्त सरासरी शून्य असण्याची अट काढली तर मात्र उतारच गेला, मग कितीही मोठा नमुना घेऊन उपयोग नाही. या दोन मोडतोडींत किती अंतर आहे हे ज्याला कळलं त्याला पेपराचा गाभा कळला. मार्क त्यामागून येतात, लगेच येत नाहीत, पण येतात.

आणि तुझ्याकडे एक हत्यार आहे जे माझ्या पिढीला मिळालं नाही. तुला ‘आर’ येतं. कन्सिस्टन्सीची (नमुना वाढला की अंदाज खऱ्या आकड्यापाशी येतो याची) सिद्धता डोक्यात शिरत नसेल तर ती आधी डोळ्यांनी बघ. खरा बीटा तूच ठरव, समजा २. पन्नास निरीक्षणं बनव, बीटा काढ. हे हजार वेळा कर, हिस्टोग्राम काढ. मग पन्नासऐवजी पाचशे, मग पाच हजार. ढीग २ भोवती कसा आवळत जातो ते दिसेल. मग मुद्दाम एररमध्ये एक्सचा थोडा अंश मिसळ आणि पुन्हा कर. ढीग या वेळीही आवळेल, पण २ वर नाही, दुसरीकडेच. ते चित्र बघून मग पुस्तकातली सिद्धता उघड. ज्या मुलांची टेबलं तू काढून देतेस त्यांनाही हे दाखव आणि बदल्यात त्यांच्याकडून मॅट्रिक्स शिक. या देवाणघेवाणीत लाजण्यासारखं काही नाही. आत्तापर्यंत तू फक्त देत आलीस.

भाषेबद्दल. तुझी अडचण इंग्रजीची आहे की गणिताची, हे आधी ओळख. एक सोपी परीक्षा : जे प्रमेय कळलं नाही त्याचं नुसतं विधान मराठीत लिहून काढ. लिहिताना अर्थ लागला तर अडचण भाषेची होती. शब्द कळले तरी गाडी पुढे गेली नाही तर वर सांगितलेल्या कागदातलं काहीतरी राहिलंय. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेव, पण त्यांत अडकून पडू नकोस. ‘हेटेरोस्केडॅस्टिसिटी’ला अवजड मराठी शब्द शोधण्यापेक्षा ‘फैलाव सगळीकडे सारखा नाही’ एवढं म्हटलंस तरी पुरे. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, तो लिहायचा सराव वेगळा कर. विचार मात्र ज्या भाषेत भराभर सुचतो त्याच भाषेत कर.

आणि गणित हे आपल्याकडचं नव्हेच असं जर मनात असेल, तर सुटीत एकदा चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन ये. तिथल्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची ती नोंद. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे आणि पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या वसुलीचा वाटा मठाला दिल्याचं त्यात लिहिलंय. बाजारपेठेच्या पैशावर गणित शिकवण्याची ही सोय आपल्याच मुलुखात आठशे वर्षांपूर्वी झाली. मला तो दगड बघताना दरवेळी भरून येतं.

आता तुझ्या पर्यायांकडे येते.

डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स वाईट नाही. पण त्यात जे शिकवतील त्यातलं बरंचसं तुला आत्ताच येतं, असं तुझ्या पत्रावरूनच दिसतं. आलेल्या गोष्टीसाठी पुन्हा फी भरायची, तीही उसनवारीच्या पैशातून, हे मला पटत नाही. कमांड बदलत राहतात. आमच्या काळची सॉफ्टवेअरं आज कोणी उघडत नाही. एम.ए. पूर्ण करून मग असा एखादा कोर्स केलास तर त्याला वजन येईल.

घरी परत येऊन बी.एड. आणि स्पर्धा परीक्षा. शिकवायची आवड असेल तर शिक्षक होण्यासारखं दुसरं काही नाही, हे मी सांगायला नको. पण तू ते आवडीपोटी म्हणत नाहीस, पळवाट म्हणून म्हणतेस, आणि शिक्षकी ही पळवाट म्हणून फार अवघड जाते. स्पर्धा परीक्षांचंही ऐक. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला बसायला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा इकॉनोमेट्रिक्स यांतली पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिच्या पेपरात संख्यात्मक पद्धती असतात. नेटच्या अर्थशास्त्राच्या पेपरातही इकॉनोमेट्रिक्स आहेच. तेव्हा आत्ता जे सोडशील तेच पुढच्या दारात उभं असेल. तिथे ते तुला एकटीने, वर्गाशिवाय, शिक्षकाशिवाय शिकावं लागेल.

तिसरा पर्याय तू लिहिलाच नाहीस : राहायचं, आणि तीन महिने वेगळ्या रीतीने अभ्यास करायचा. मी तुला हाच सांगेन. सरांना भेट. ‘मला काहीच समजत नाही’ असं म्हणू नकोस, त्यावर कोणीही शिक्षक गोंधळतो. एक पान घेऊन जा, त्यावर एका ओळीवर बोट ठेव आणि म्हण, ‘इथून इथे कसं आलं ते कळलं नाही.’ अशी बोट ठेवून विचारणारी मुलं आम्हाला फार हवी असतात. पेपर राहिला तर पुन्हा द्यायचे नियम काय आहेत ते परीक्षा विभागात स्वतः जाऊन विचार, मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. शिष्यवृत्तीचं महाडीबीटीवर काय काय लागू होतं तेही याच आठवड्यात बघ.

तीन महिन्यांनंतरही वहीत एकही शंका स्वतःची उमटली नाही, नुसता कंटाळाच आला, तर विषय बदल. तेव्हा मी तुला अडवणार नाही. विकास अर्थशास्त्र, श्रम अर्थशास्त्र, शेतीचं अर्थशास्त्र यांत सिद्धांताचा भार कमी ठेवून चांगलं काम करणारी माणसं आहेत. तू सिद्धांतात संशोधन करावंस असं मी म्हणत नाही. कुठे ‘नाही’ म्हणायचं ते कळण्याइतका सिद्धांत तुझ्याकडे असावा एवढंच म्हणते. आणि घरची परिस्थिती अशी असेल की वडिलांना पुढचं वर्ष खरोखर झेपणार नाही, तर तो वेगळा प्रश्न आहे, त्यात ९ मार्कांना मध्ये आणू नकोस. वडिलांसमोर बसून हिशेब मांड : किती घेतलेत, किती लागतील, तुला शिकवणी घेऊन किती मिळवता येतील. पैशाची अडचण अभ्यासाच्या भीतीमागे लपवली की दोन्ही सुटत नाहीत.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून एम.ए. करणाऱ्या आणि हा पेपर नुसत्या नोट्सवर काढणाऱ्या मुलामुलींनाही मी हेच सांगेन. एनपीटीईएल या आयआयटींच्या संकेतस्थळावर इकॉनोमेट्रिक्सची व्याख्यानं फुकट आहेत. ‘आर’ आणि ‘ग्रेटल’ ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीची, श्रमबल सर्वेक्षणाची घरोघरची कच्ची आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. बाजार समित्यांचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात. आकड्यांची वाण नाही. दोघी-तिघी मिळून आठवड्यातून एकदा बसलात आणि एकच प्रमेय उलटंपालटं केलंत तरी पुष्कळ.

राहिली तुझी आई. ती विचारते ‘तुले समजस ना’ आणि तू ‘हो’ म्हणतेस. हे ‘हो’ तुला आतून खातंय. उद्या तिचा फोन आला की खरं सांग : काही समजतं, काही नाही. आणि मग थांबलेल्या कापसाची गोष्ट तिला अहिराणीत सांग. ‘ज्याले थांबता येस त्यालेच भाव भेटस’ असं ती कदाचित तुझ्या आधीच म्हणेल. ती काय म्हणते ते जसंच्या तसं वहीत लिही आणि त्याखाली तुझ्या पुस्तकातली एंडोजेनिटीची अट उतरव.

तुझं प्रोजेक्ट फेकून देऊ नकोस. त्याच दोन मालिकांचे महिन्यामहिन्यातले फरक घे – या महिन्याचा भाव वजा मागच्या महिन्याचा, दोन्हींचा – आणि त्या फरकांचं रिग्रेशन कर. उतार कितीवर येतो बघ, आर-स्क्वेअर कुठे जातो बघ. नंतर मूळ भावांच्याच रिग्रेशनमध्ये काळ हा आणखी एक चल म्हणून घालून कर आणि दोन्ही उत्तरं वेगळी का आली ते अर्ध्या पानात मराठीत लिही. ते पान घेऊन सरांकडे जा, आणि एक प्रत मला पाठव.

तुझी
ताई